अमर अकबर अँथनी आवडणाऱ्याला भूमिका हा सिनेमा का आवडू नये?

पेठेतली_लेक
आमच्या घरी दोन आठवडे एकच वाद चालू आहे म्हणून इथे विचारते. बाबांना मनमोहन देसाई म्हणजे जीव की प्राण, अमर अकबर अँथनी त्यांना तोंडपाठ आहे, तिघं भाऊ एकाच वेळी आईला रक्त देतात आणि तिघांनाही माहीत नसतं की ही आपलीच आई, तो सीन लागला की अजूनही त्यांच्या हातातला चहा गार होतो. मी वर्षभरापूर्वी एका फिल्म क्लबची मेंबर झाले, तिथे बघितलेलं घरी सांगायला गेले की बाबांचं ठरलेलं वाक्य, "जो कुणी बघितला नाही तो कलात्मक."
आता मला राग येतो पण उत्तरही सापडत नाही, कारण खरं सांगायचं तर उसकी रोटी मलाही फार जड गेला, अर्ध्यात उठावंसं वाटलं, आणि अर्धसत्य मात्र मी श्वास रोखून बघितला. दोन्हीला आर्ट फिल्मच म्हणतात ना? आणि श्याम बेनेगलांचा भूमिका १९७७ चा, अमर अकबर अँथनीही १९७७ चाच, म्हणजे त्या वर्षी लोक दोन्हीकडे जातच असतील की. मग ही रेघ नक्की कुठे आहे? पैशात, नटांत, गाण्यांत, की बघणाऱ्यात? ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी प्लीज सांगा.

गिरगावकर_काका
बाबांना माझा नमस्कार सांग आधी. मुंबईच्या मिनर्व्हा थेटरात शोले पाच वर्षं चालला त्यातली कितीतरी तिकिटं आमच्या चाळीतली आहेत, आणि त्याच चाळीतली आम्ही चारपाच पोरं बेनेगलांचा सिनेमा लागला की तोही सोडत नव्हतो. रेघ नटांत तर मुळीच नाही बघ. शोलेतला ठाकूर आणि गब्बर, म्हणजे संजीवकुमार आणि अमजद खान, दोनच वर्षांनी सत्यजित रायांच्या शतरंज के खिलाडीत, एक बुद्धिबळ खेळणारा मिर्झा तर दुसरा वाजिद अली शाह. त्यातच शबाना, आणि तीच शबाना त्याच वर्षी तुझ्या बाबांच्या अमर अकबर अँथनीत. आणि शतरंजमध्ये गोष्ट सांगणारा आवाज कुणाचा? अमिताभचा. त्याच्याही आधी १९६९ च्या भुवन शोममध्ये त्याचाच आवाज होता, तेव्हा त्याला कुणी ओळखतही नव्हतं.
पैशाचं म्हणशील तर बेनेगलांचा अंकुर सरकारी पैशावर झालेला नाही, थेटरात जाहिरातींच्या फिल्म पुरवणाऱ्या ब्लेझ कंपनीने तो काढला आणि तो चांगला चाललाही. आणि त्यांचाच दूध सोसायटीवरचा मंथन तर गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून केलेला, ते शेतकरी नंतर ट्रक भरभरून तो बघायला गेले. त्यांना कुणी शिकवलं होतं का की आर्ट फिल्म कशी बघायची? दुधाचा हिशोब त्यांच्या घरचा होता, पडद्यावर तोच दिसला, विषय संपला. बाबांना हे नक्की सांग.

तंबू_टॉकीज
काकांचं पटलं पण मला वेगळं सांगायचंय. माझे आजोबा जत्रेत तंबू घेऊन फिरायचे, नंतर वडिलांनी तालुक्याच्या गावी थेटर बांधलं, मी लहानपणी प्रोजेक्टरच्या खोलीतच झोपायचो, त्यामुळे मला ही रेघ डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात दिसते. प्रिंट मोजक्या असायच्या, त्या आधी मुंबई पुण्यात चालायच्या मग जिल्ह्याला मग आमच्याकडे, आमच्यापर्यंत यायला वर्षसुद्धा लागायचं आणि येईपर्यंत रीळ ओरखड्यांनी भरलेलं, गाण्याच्या मधे तुकडाच गायब, तरी पब्लिक यायचं. पण हे कुणाचं? ज्याच्या प्रिंट मुळातच भरपूर निघाल्यात त्याचं. सरकारने १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं, पुढे एनएफडीसी म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आलं, सिनेमा करायला कर्ज मिळायला लागलं हे फार मोठं काम झालं, पण दाखवायचा कुठे? कर्ज काढून सिनेमा तयार करायचा आणि डबे पडून राहायचे असं कितीतरी जणांचं झालं. अर्धसत्य आमच्याकडे आला आणि चालला, ओम पुरीचा पोलीस वेलणकर बघायला रिक्षावाले दुपारचा शो धरून बसायचे, आणि त्यात तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता! कविता चालू असताना स्टॉलमध्ये शिट्टी नाही काही नाही, एकदम गप्प, हे वडील अजून सांगतात. म्हणजे न दाखवताच "लोक बघत नाहीत" म्हणायचं हा अन्याय आहे, आणि आज मल्टिप्लेक्समध्येही तेच चाललंय, छोट्या सिनेमाला सकाळचा एक शो द्यायचा नाहीतर रात्री अकराचा, सोमवारी उतरवायचा आणि वर म्हणायचं प्रतिसाद नाही.

विलंबित
तंबू टॉकीज, दाखवायला हवा हे शंभर टक्के मान्य. पण तुमच्या बोलण्यातून असं वाटतं की दाखवला असता तर प्रत्येक सिनेमा चाललाच असता, ते मला पटत नाही आणि तो चाललाच पाहिजे असंही नाही.
पेठेतली लेक, तू उसकी रोटी परत बघ. गोष्ट एवढीशी आहे, नवरा बसड्रायव्हर, बायको रोज रस्त्यावर रोटी घेऊन त्याची वाट बघत उभी. आता वाट बघणं पाच मिनिटांत कसं दाखवणार? तुला जड गेलं कारण तूही तिच्याबरोबर उभी होतीस. त्याचे दिग्दर्शक मणि कौल पुढे डागर घराण्यातल्या उस्तादांकडे ध्रुपद शिकले, त्यांच्या सिनेमातला वेळ मला तसाच वाटतो, आलाप चालू असताना आपण सम कधी येते म्हणून घड्याळ बघत नाही. ज्याला आलापी आवडत नाही त्याने नाट्यगीत ऐकावं, त्यात कमीपणा काहीच नाही, पण आलापीला नाट्यगीताच्या मापाने मोजू नये एवढंच.
आणि हेच बाबांच्या बाजूनेही लागू आहे हां! रक्ताच्या बाटलीचा सीन "असं कुठे असतं का" म्हणून हसण्यावारी नेतात ते मला अजिबात आवडत नाही. रक्त नळीतून वर चढतं, एका बाटलीत मिसळतं आणि आईला जातं, डॉक्टरी हिशोबाने ते चूकच, पण आपल्याकडे कीर्तनात, वगात गोष्ट अशीच सांगतात की, तिथे कुणी विचारतं का की मावशी दोन पावलांत मथुरेच्या बाजाराला कशी पोचली? मनमोहन देसाईंना पक्कं माहीत होतं की ते काय करतायत. त्याच्यामागेही कला आहे, वेगळ्या घराण्याची.

डोंबिवली_फास्ट_लोकल
मला या जुन्या सिनेमांचं फार माहीत नाही पण लंचबॉक्स मी ऑफिसातल्या सात जणींबरोबर थेटरात बघितलाय, त्यात मारामारी नाही, हिरो रिटायरमेंटला आलेला आणि शेवटही अर्धवट सोडलेला, तरी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर आम्ही भांडत होतो की ते दोघं शेवटी भेटले असतील का. दोन गाड्या सोडल्या त्या नादात. डबा आमचा रोजचा, म्हणून असेल.

पेठेतली_लेक
सगळ्यांना मनापासून थँक्यू, विलंबित यांचं सगळ्यात जास्त, उसकी रोटी परत बघणार आहे, यावेळी एकटीने आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.
काल एक गोष्ट झाली ती सांगते. मी घरी भूमिका लावला, बाबा पेपर घेऊन बसले होते, आई भाजी निवडत होती, तिने आर्ट फिल्म म्हणून आयुष्यात कधी काही बघितलेलं नाही. मी सहज म्हटलं की हा हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरून घेतलाय. तर आई म्हणाली "सांगत्ये ऐका? ते मी लग्नाआधी वाचलंय, लायब्ररीतून आणून, आजीपासून लपवून." आणि भाजी बाजूला ठेवून ती जी बसली ती शेवटपर्यंत हलली नाही, मधे मधे मलाच सांगत होती पुस्तकात हे कसं आहे ते. स्मिता पाटील शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी असते आणि फोन वाजतो, तेव्हा आई पुटपुटली, "आता कुणाकडे जाऊ नकोस गं बाई."
बाबांनी पेपर केव्हाच खाली ठेवला होता, त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं आणि मग विचारलं, कुठलं पुस्तक म्हणालीस?