कुलूप बदलू नका, आधी करार बघा

भाड्याने दिलेल्या घराचा करार मित्राच्या नावावर, राहतोय मात्र त्याचा मेहुणा, तर घरमालकाने काय करावं, असा प्रश्न आहे; त्यावर 'कुलूप बदला, वीज तोडा' असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया असं करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ नुसार वीज-पाणी तोडता येत नाही. शिवाय जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो.

लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याच्या कराराची) मुदत संपली असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणं ऐकायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करा. मूळ लायसेन्सी (ज्याच्या नावावर करार आहे तो) आणि आत राहणारा, दोघांनाही पक्षकार करा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांना प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतरच्या ताब्यासाठी करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेहुण्याकडून थेट भाडं घेणं. एकदा त्याचे पैसे तुमच्या खात्यात आले, की 'मीच भाडेकरू' म्हणायला त्याला आधार मिळतो.

करार नोंदवलेला नसेल तर प्रकरण आणखी अवघड होतं. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसताना अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवण्याचा भार तुमच्यावर येतो.