ग्लासातली वलयं आणि कागदावरचा डाग

कुणीतरी लिहिलंय, वाईन हा विषय घेऊन चित्रं काढणं म्हणजे दारूची जाहिरात. मला हे अजिबात पटत नाही. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचा 'बॅकस' बघा, म्हणजे रोमन मद्यदेवाचं चित्र, सोळाव्या शतकाच्या अखेरचं, फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. बॅकस पुढे करतो त्या उथळ ग्लासात वाईनवर बारीक वलयं उठलीत, म्हणजे हात किंचित हलतोय! आणि समोरच्या परडीतली फळं सडायला लागलीत. एवढं निरखून जाहिरात कोण करतं?

बाकी शातो मूतों रोथशिल्ड ही फ्रान्समधली वाईनरी १९४५ पासून जवळजवळ दरवर्षीचं लेबल कलाकाराकडून करून घेतं, मोबदला वाईनच्या पेट्यांत. १९५८ ला स्पॅनिश चित्रकार दाली, २००९ ला आपल्या मुंबईत जन्मलेला शिल्पकार अनीश कपूर.

खुद्द वाईननं रंगवायचं तर मात्र जपून. मी गिरगावातल्या आमच्या खोलीत नाशिकची रेड वाईन ब्रशनं हातकागदावर लावली. ओली होती तोवर गर्द लाल-जांभळी, तीन महिन्यांत विटकरी. एका कोपऱ्यावर खायच्या सोड्याचं पाणी लावलं, तिथे निळसर हिरवट झाली. द्राक्षाच्या सालीतला रंग आंबटपणावर अवलंबून असतो. शर्टावरचा जांभळाचा डाग साबण लागला की निळा पडतो ना, तसंच. त्यामुळे अशी चित्रं विकणाऱ्यांनी रंग बदलणार हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. माझं चित्र कपाटात, उन्हापासून लांब ठेवलंय. विटकरी झालंय, पण मला ते आता जास्त आवडतं.