सीटमागचं पाणी: आधी ड्रेन बघा

तुम्ही लिहिलंय की मिआटाच्या (माझ्दाची उघड्या छताची दोन सीटची गाडी) सीटमागचं कार्पेट ओलं होतंय म्हणून नवीन सॉफ्ट टॉप (घडी होणारं मऊ छत) मागवताय. जरा थांबा, एवढ्यात खर्च करू नका! माझ्या १९९२ च्या गाडीत अगदी हेच झालं होतं आणि छत चांगलं धड होतं. या पहिल्या पिढीच्या गाड्यांत छतावरचं पाणी मागच्या रेन रेलमधून, म्हणजे छताच्या मागच्या कडेखालच्या पन्हळीतून, दोन्ही बाजूंच्या ड्रेनमध्ये (पाणी बाहेर जायच्या भोकांत) जातं, सीटमागे सीटबेल्ट जिथे बसवलेला असतो त्या टॉवरपाशी, आणि तिथून पाइपने मागच्या चाकाच्या जरा पुढे खाली पडतं. ते भोक बुजलं की पाणी आत येतं आणि त्याहून वाईट म्हणजे सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पत्र्यात) मुरून पत्रा आतून सडतो, बाहेर रंगाला फुगे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मी गवत कापायच्या ट्रिमरची जाड नायलॉन दोरी घेतली, टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं आणि वरून हळूहळू फिरवत आत सोडली. काळा चिखल, मेपलच्या पानांचा लगदा, काय काय निघालं! मग बाटलीने थोडं थोडं पाणी ओतलं, खाली धार लागली तेव्हा कुठे जिवात जीव आला. कंप्रेसरची हवा मात्र अजिबात मारू नका, पाइप आतल्या आत निसटला तर नवीनच काम होऊन बसेल. टोकदार तारही नको.

आणि कार्पेट बाहेर काढूनच वाळवा, खालचा थर स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. दोन्ही बाजू बघा हं, माझी फक्त ड्रायव्हरकडचीच बुजली होती.