७६ व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन करावं का?

खानापूरचा_थोरला: आमच्या आण्णांना (वय ७६) मोठ्या आतड्यात उजवीकडं गाठ निघाली. बायॉप्सीत कॅन्सर. सीटीत लिव्हर, फुप्फुस साफ. हिमोग्लोबिन ७.८, शुगर गोळीवर. रोज शेताला फेरी मारणारा माणूस, आता बांधावर दोनदा बसतो. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, भावकी म्हणते या वयात चिरफाड कशाला. दीड लाखाची सोय आहे. कुणाचा अनुभव?

निपाणीची_लेक: सरळ परळला टाटात न्या. माझ्या सासऱ्यांना ७१ व्या वर्षी तिथंच नेलं, तिसरी स्टेज होती. सहा वर्षं झाली, झुणका-भाकरी खातात. पैशाचं बघू नका.

अथणीकर: आमच्या चुलत्यांचं 'वय झालं' म्हणून तसंच ठेवलं. सहा महिन्यांनी आतडं अडलं, पोट टम्म. मध्यरात्री इमर्जन्सी ऑपरेशन, आठव्या दिवशी गेले. करायचं तर आत्ताच, ठरवून करा.

टिळकवाडी_४१: हा म्हाताऱ्यांचा रोग समजू नका. माझ्या मावसभावाला एकेचाळिसाव्या वर्षी झाला. रक्त पडायचं, एका दवाखान्यात आठ महिने मूळव्याधीचं औषध चाललं. कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) होईतो लिव्हरला पोचला होता. अमेरिकेत तपासणीचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं ते उगाच नाही.

चिकोडी_रोड: पैशाचं म्हणाल तर तुमचं गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ सीमागावांत असणार. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना चालते, मिरजेला जावा.

अथणीकर: कागदावर चालते! आम्हाला एका ठिकाणी दोन खेपा परत पाठवलं. बीपीएल कार्ड असेल तर इकडचंच, कर्नाटकचं आयुष्मान बघा, पाच लाखांपर्यंत आहे.

चिकोडी_रोड: तिथं तरी कुठं धड आहे? दोन्हीकडनं आमचीच फरफट.

वॉर्डातली_ताई: योजनेचं नंतर भांडा. कॅन्सर वॉर्डात १४ वर्षं काढलीत, म्हणून सांगते. नुसतं वय बघू नका, माणूस किती टणक आहे ते बघा. चालणं, जेवण, घटलेलं वजन, स्मरण, चालू औषधं. 'जी-८' तपासणी (वयस्कर कॅन्सर पेशंटची ताकद जोखणारे आठ प्रश्न) करून मागा. १७ पैकी १४ किंवा कमी आले तर सगळं नीट तपासून मगच टेबलावर. आधी लोहाचं सलाईन लावून रक्त वाढवा. स्टेज नक्की ऑपरेशननंतरच कळते, रिपोर्टात निदान १२ लिम्फ नोड (कॅन्सर पसरतो त्या बारीक गाठी) तपासलेत का बघा. केमो सांगितली तर विचारा, एकट्या कॅपेसिटाबिनच्या (केमोच्याच) गोळ्या चालतील का? सत्तरीनंतर जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन हे सलाईनमधलं केमोचं औषध देऊन ठळक जादा फायदा दिसलेला नाही. त्रास मात्र वाढतो.

निपाणीची_लेक: खरंय ताई. सासऱ्यांची बोटं अजून बधिर, शर्टाची बटणं सासूबाई लावतात. तरी टाटाच.

खानापूरचा_थोरला: सगळ्यांचे आभार. मुंबई नाही, मिरजही नाही, बेळगावातच करतोय. आण्णा म्हणाले, "डोळं उघडल्यावर आपली माणसं दिसाय पाहिजेत." केमोला त्यांनी आत्ताच नको म्हटलंय, रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलेन. ताई, लोहाचं सलाईन काल लावलं. जी-८ ची चिठ्ठी खिशात आहे. सोमवारी अ‍ॅडमिट. आत्ता ते शेजाऱ्याला गाईची धार दाखवायला गोठ्यात गेलेत, अनोळखी हाताला ती पान्हा सोडत नाही.