शब्दचर्चा: 'आनंद करा' की 'आनंदात राहा'?

छावणीची सून: मंडळी, घाईचा प्रश्न आहे. शेजारच्या काकू गेल्या महिन्यात गेल्या. माहेर अहमदनगरचं, ख्रिस्ती घराणं, लग्न होऊन इंदूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. शेवटी शेवटी कूस बदलायलाही दुसरं माणूस लागायचं, पण कशा आहात विचारलं की "आनंद आहे गं" म्हणायच्या. टोमणा नाही, खरंच. आता स्मरणाच्या उपासनेसाठी पत्रिका छापायची आहे, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. हिंदीत वचन आहे "प्रभु में सदा आनन्दित रहो". तेच मराठी बायबलात "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा". त्यांचा मुलगा म्हणतो, "ताई, आईच्या फोटोखाली 'आनंद करा'? लोक म्हणतील, वाटच बघत होते." 'आनंदात राहा' करून द्या म्हणतोय. देऊ का करून?

राजवाड्यामागे: पोराचं बरोबर आहे. इंदुरी कानाला 'आनंद करा' म्हणजे चला छप्पन दुकानला, खा-प्या. 'राहा'च ठेवा.

शुद्धमती: मुळात 'आनंद करणे' हे मराठीच नाही. मराठीत आनंद होतो, वाटतो, मिळतो. कोणी 'करत' नाही. ही पाद्री मराठी. जुन्या मिशनऱ्यांनी शब्दाला शब्द ठेवला आणि तो तसाच चालत आला.

नगरी: 'पाद्री मराठी' म्हणताना जरा जपून. तुम्ही 'दुःख करू नका' म्हणता की नाही? शोक करतात, चिंता करतात, काळजी करतात. मग एकट्या आनंदानंच काय घोडं मारलंय? बायबलातल्या रोमकरांस पत्रात दोन्ही शेजारी शेजारी आहेत: "आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा." ही जोडी फोडली की वाक्याचा जीवच जातो. आमच्या आजीच्या तोंडी हेच होतं. ती काही मिशनरी नव्हती, विड्या वळायची.

शुद्धमती: दुःख माणूस 'करत बसतो', म्हणून 'करणे' चालतं. आनंद करत बसलेलं कोणी पाहिलंय का?

नगरी: लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्यानं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला, घर मोडलं, नातलग तुटले, बाईंना स्वतः तो घ्यायला पुढे बरीच वर्षं लागली. आणि त्यांच्या आठवणी वाचा, पानापानावर हसू येतं. रडण्यासारखं काही नव्हतं म्हणून नव्हे. होतंच. तरी त्या करत बसल्या आनंद.

बायबल-वर्गातला: सलाम. थोडं ग्रीक शिकलोय, म्हणून बोलतो. मुळात 'खैरेते' आहे. आज्ञार्थ, आणि तोही चालू राहणाऱ्या क्रियेचा, म्हणजे 'करत राहा'. त्यामुळे 'करा' आणि 'राहा' दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर. गंमत अशी की ग्रीक लोक भेटल्यावर नमस्कारासारखं हेच क्रियापद म्हणत. देवदूत येशूच्या आईला, मरीयेला, हाच शब्द म्हणतो, आणि मराठी बायबल तिथे 'कल्याण असो' करतं. म्हणजे अनुवादकांनी शब्दाला शब्द ठेवला हे खरं नाही. जागा बघून बदललाय.

पण हे वचन ज्याच्या पत्रातलं, तो पौल कुठून लिहितोय ते बघा. कैदेत आहे. निकाल जगण्याचा लागेल की मरणाचा, ठाऊक नाही. आणि लिहितोय कोणाला? फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला. त्याच गावात आधी त्याला आणि त्याच्या सोबत्याला, सीलाला, फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं, आणि मध्यरात्री दोघं गाणी म्हणत होते. बाकीचे कैदी ऐकत होते. पत्र वाचणाऱ्यांना हे सगळं माहीत होतं. त्यांना 'मजा करा' असं ऐकू येणं शक्यच नव्हतं. शिवाय 'प्रभूमध्ये' हा शब्द गाळून वाचला तरच मजा. तो ठेवला की आनंद कशावर टेकलाय ते कळतं. तब्येतीवर नाही, निकालावर नाही. त्याच पत्रात पुढे तो म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो. शिकलो! जन्मजात स्वभाव नव्हता हो.

राजवाड्यामागे: भिया, एवढं पत्रिकेवर मावणार नाही.

छावणीची सून: 'माना' कसं वाटेल? काकूंच्या बायबलात याकोबाच्या पत्रात 'आनंदच माना'खाली पेन्सिलीची रेघ आहे. दोनदा ओढलेली.

बायबल-वर्गातला: तिथे क्रियापद वेगळं आहे, 'समजा, गणा' या अर्थाचं. संकट आलं की ते आनंदाच्या खात्यात धरा, असा भाव. ते याकोबाचं. पौलाच्या तोंडी घालू नका.

शुद्धमती: 'मानणे' मात्र अस्सल मराठी. 'आहे त्यात सुख मानावं'.

नगरी: आणि तिथेच घोटाळा. 'सुख मानून घेणे' म्हणजे मन मारणे. आमची आजी मन मारणाऱ्यांतली नव्हती. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेली. बाई त्या वेळी बायबलाचं मराठी करत होत्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून, साध्या बायकांना कळावं म्हणून. ते काम हातावेगळं करून 1922 साली गेल्या. याला 'मानून घेतलं' म्हणणार का तुम्ही? हे करणंच आहे. रडत असाल, पण करा.

बडोदेकरीण: उशिरा आले. आमच्याकडे गुजरातीत 'आनंद करो' सरळ मौजेच्याच अर्थानं जातं, त्यामुळे मी मुलाच्या बाजूनं. पण 'आनंदीआनंद' कोणी काढला नाही अजून! एकाच शब्दात बालकवींची कविता आणि "काय, तुमच्या पाण्याच्या नळाचा आनंदीआनंदच दिसतोय" हा टोमणाही. तो टोमणा कधी शिरला?

राजवाड्यामागे: नळाबरोबरच शिरला असणार.

नगरी: बालकवी नगरला टिळकांच्याच घरी राहिलेले, माहीत आहे ना? म्हणजे तो आनंदही आमच्याकडचाच.

शुद्धमती: आनंद तुमच्याकडचा कसा? "आनंदाचे डोही आनंद तरंग" तुकोबांचं. टिळकांनी अभंग तिथूनच उचलला.

नगरी: उचलला नाही, वारसा होता. धर्म बदलला, मायबोली नाही बदलली. 'सच्चिदानंद' तुमचा ठेवा, 'आनंद' सगळ्यांचा आहे.

छावणीची सून: मंडळी, नवीनच भानगड. छापखान्यातून नमुना आला. वचन तूर्त 'आनंद करा'च जुळवलंय, मुलगा अजून तोंड वाकडं करून बसलाय. पण काकूंच्या नावाआधी जुळाऱ्यानं आपल्या मनानं 'कै.' टाकलंय!

नगरी: अरे देवा. 'ख्रिस्तवासी' करा आधी.

राजवाड्यामागे: इंदूरमध्ये ख्रिस्तवासी कोणाला कळणार? इथे सगळे 'मसीह' म्हणतात. 'कै.' आता नुसतं 'दिवंगत' झालंय, कैलासाचा कोण विचार करतो?

शुद्धमती: या बाबतीत मी नगरींच्या बाजूनं. कैलास म्हणजे कैलास. 'कै.' काढाच.

बडोदेकरीण: जागा कमी असेल तर 'ख्रि.' चालेल का?

बायबल-वर्गातला: पुढे जन्मसाल असेल तर लोक 'ख्रिस्ताब्द' वाचतील.