जुनी ई-क्लास घ्यायची आहे: मर्सिडीजचं नाव कोणत्या गाड्यांनी कमावलं आणि कोणत्या गाड्यांनी घालवलं?

सिडकोकर_१५

नमस्कार मंडळी. घरात जुनी ई-क्लास घ्यायचं घाटतंय. समोर तीन गाड्या आहेत.

पहिली २००५ ची ई २२० सीडीआय, म्हणजे डिझेल (मालिका डब्ल्यू २११), पुण्याच्या नंबरची. दुसरी २०१२ ची ई २५० सीडीआय (डब्ल्यू २१२), आपल्याच एमएच १५ ची, नाशिकची. तिसरी १९९६ ची ई २२० पेट्रोल (डब्ल्यू १२४). ती स्वस्तात मिळतेय, पण वर्षभर उभीच आहे.

वडीलधारी मंडळी म्हणतात, मर्सिडीज म्हणजे डोळे झाकून लाखो किलोमीटर. मुंबई नाक्याकडचे दोन गॅरेजवाले म्हणतात, २००० नंतरच्या गाडीला हातच लावू नका. यात खरं काय? आणि पैसे देण्याआधी नेमकं काय काय तपासायचं? वापर गावातला रोजचा, शिवाय अधूनमधून कसारा उतरून मुंबई.

आग्रारोड

वडीलधाऱ्यांचंही बरोबर आहे आणि गॅरेजवाल्यांचंही. दोघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलताहेत, इतकंच.

आपल्याकडे त्या ताऱ्याचा दबदबा आधी ट्रकमुळे झाला, मोटारी पुष्कळ नंतर आल्या. १९५४ साली टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डायम्लर-बेंझ यांच्यात १५ वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. १९६९ ला करार संपला, तोवर आग्रा रोडवर मालाची ने-आण करणाऱ्या एका पिढीच्या मनात मर्सिडीज म्हणजे घाटात दम न सोडणारं डिझेल इंजिन हे पक्कं बसलं होतं. मोटारी इथे जुळायला लागल्या त्या १९९५ पासून, टेल्कोच्याच भागीदारीत, पिंपरीला. पहिली गाडी डब्ल्यू १२४. चाकणचा कारखाना २००९ चा.

मूळ इतिहास थोडक्यात. कार्ल बेंझ यांचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं. डायम्लर आणि मायबाख यांचं काम कानश्टाटला वेगळं चाललं होतं. ‘मर्सिडीज’ हे नाव डायम्लरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेक यांच्या मुलीचं, १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीपासून ते रूढ झालं. दोन्ही कंपन्या १९२६ मध्ये एकत्र आल्या.

यापुढे कंपनीची कीर्ती दोन अंगांनी वाढली आणि ती अंगं वेगळी ठेवून बघायला हवीत. एक सुरक्षिततेचं. धडकेत पुढचा-मागचा भाग चुरगळू द्यायचा आणि माणसं बसतात तो सांगाडा ताठ ठेवायचा, ही बेला बारेनी यांची कल्पना. पेटंट १९५१ चं, गाडीत आली १९५९ ला, डब्ल्यू १११ मध्ये. बॉशबरोबर केलेली एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) १९७८ ला एस-क्लासमध्ये आली. या बाबतीत कंपनीचं नाव फारसं कधी खाली आलं नाही. १९९७ ला स्वीडनमध्ये वळण-चाचणीत ए-क्लास उलटली, तेव्हा त्या छोट्या गाडीत ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) सरसकट बसवून कंपनीने ते निस्तरलं.

दुसरं अंग टिकाऊपणाचं, आणि तुमचा प्रश्न तिथलाच आहे. ते नाव डब्ल्यू १२३ (१९७६ पासून, सुमारे २७ लाख गाड्या) आणि डब्ल्यू १२४ यांनी कमावलं. ग्रीसमधली १९७६ ची एक २४० डी टॅक्सी ४६ लाख किलोमीटर चालली, ती आता कंपनीच्या संग्रहालयात आहे. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण त्या गाडीची इंजिनं अनेकदा बदलली गेली हे कुणी सांगत नाही. टिकाऊ म्हणजे न बिघडणारी असा अर्थ घेऊ नका. दुरुस्त करत राहणं परवडतं, ती टिकाऊ.

त्या काळात इंजिनिअर आधी गाडी ठरवायचे आणि किंमत मागून यायची. १९८९ ला टोयोटाच्या लेक्ससची एलएस ४०० बाजारात आली आणि हे गणित उलटं झालं: आधी किंमत, मग तेवढ्यात बसेल अशी गाडी. त्याचा परिणाम १९९५ च्या डब्ल्यू २१० पासून उघड दिसतो. पुढच्या स्प्रिंगची बैठक गंजून निघून येणं हा तिचा जगजाहीर दोष. १९९८ ला क्रायस्लरशी विलीनीकरण झालं, ते २००७ ला मोडलं, आणि मधल्याच काळात मोठ्या रिकॉल झाल्या, म्हणजे दोष निस्तरायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या. २००४ ला इलेक्ट्रॉनिक ब्रेकसाठी सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या, २००५ ला ब्रेक, अल्टरनेटरचा रेग्युलेटर आणि बॅटरीशी संबंधित सॉफ्टवेअर यांसाठी सुमारे १३ लाख. गॅरेजवाल्यांच्या डोळ्यासमोर हीच वर्षं आहेत. २००९ ला डब्ल्यू २१२ आली ती बऱ्यापैकी सावरून.

म्हणून बोनेटवरचा तारा बाजूला ठेवा. आरसी बुकातले दोन नंबर वाचा. चॅसी नंबरात पहिल्या तीन अक्षरांनंतरचे तीन आकडे साधारणपणे मालिका सांगतात (१२४, २१०, २११, २१२) आणि इंजिन नंबरचे पहिले तीन आकडे इंजिनची जात सांगतात. सगळा निकाल त्यावर.

सातपूरचा_फिटर

इतिहास वर आलाच आहे, मी गाड्यांवर येतो.

२००५ ची २११. ही नेमकी एसबीसी ब्रेकच्या, म्हणजे वर सांगितलेल्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकच्या वर्षांतली. साध्या ब्रेकमध्ये पायाचा दाब तेलातून थेट चाकापर्यंत जातो. एसबीसीत पेडलखालचे सेन्सर कॉम्प्युटरला सांगतात आणि वेगळा पंप साठवलेल्या दाबातून ब्रेक लावतो. पंप गेला तर फक्त पुढच्या चाकांचा ब्रेक उरतो, पेडल खोल जातं आणि जोर भरपूर लावावा लागतो. कसारा उतरताना ही वेळ यायला नको. या युनिटचं आयुष्य ब्रेक दाबण्याच्या संख्येवर मोजलेलं असतं, ती संख्या भरली की मीटरवर लाल सूचना येते. २००६ च्या बदलानंतर कंपनीने एसबीसी काढून साधे ब्रेक दिले. २११ च घ्यायची असेल तर त्यानंतरची बघा.

तरीही हीच घेणार असाल तर स्टार डायग्नोसिस (मर्सिडीजचं तपासणीचं मशिन) लावून एसबीसीचे फॉल्ट कोड आणि वापराची नोंद वाचून घ्या. युनिट आधी बदललं असेल तर बिल मागा. बॅटरी कमजोर झाली तरी या गाडीत ब्रेकच्या सूचना येतात. बॅटऱ्या दोन असतात, मोठी डिकीत आणि छोटी बोनेटखाली. दोन्ही तपासल्याशिवाय पंपाला दोष देऊ नका.

अत्यंत महत्त्वाचं: ब्रेक पॅड बदलताना एसबीसी आधी मशिनने निष्क्रिय करावी लागते. नुसतं दार उघडलं किंवा रिमोट दाबला तरी सिस्टिम जागी होऊन पिस्टन दाबते आणि कॅलिपरमध्ये (ब्रेक पॅड दाबणाऱ्या पकडीत) बोट असेल तर चिरडतं. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात ही गाडी देऊच नका.

इंजिन ६४६ चं. सीडीआय असल्याने इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर बघायचा. तो गळायला लागला की जळका वायू वर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमून दगड होतो. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढून टॉर्चच्या उजेडात इंजेक्टर बसतात त्या चारही विहिरी बघा. थंड इंजिन सुरू करताना फस-फस आवाज, केबिनमध्ये धुराचा वास, ही लक्षणं. वेळेत सापडलं तर काम स्वस्त आहे: इंजेक्टर काढा, बैठक रीमरने साफ करा, नवा वॉशर टाका, बोल्टही नवाच लावा, कारण तो ताणला जाणारा एकदाच वापरायचा बोल्ट असतो. जुनाच बोल्ट परत आवळला की काही महिन्यांत तीच गळती, किंवा बोल्ट हेडमध्येच तुटतो. थर फार जुना असेल तर इंजेक्टर निघतच नाही आणि हेड उतरवावं लागतं. तसं दिसलं तर सौदा सोडा.

२०१२ ची २१२. तिघींत माझी पसंती हिला. इंजिन ६५१, २१४३ सीसी, २०४ अश्वशक्ती. याच्या सुरुवातीच्या वर्षांत डेल्फी कंपनीचे पिएझो (स्फटिकावर चालणारे) इंजेक्टर फार गेले, नंतर कंपनीने सोलेनॉइडचे (विद्युतचुंबकावर चालणारे) दिले. तुमच्या गाडीत कोणते आहेत ते चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिसकडून विचारून घ्या.

टायमिंग चेन या इंजिनात मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं स्टार्ट स्वतः ऐका. मागून दोन-तीन सेकंद खडखड आली तर चेन, टेन्शनर, गाइड यांचा खर्च धरा, आणि मागच्या बाजूचं काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. जाण्याआधी फोनवर सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

ऑइल साडेसहा लिटर, एमबी २२९.५१ ची मान्यता असलेलं. डब्यावर ‘मर्सिडीजसाठी योग्य’ एवढंच छापलेलं चालत नाही, मान्यतेचा आकडा हवा.

पंचवटीकर

सगळे डब्ल्यू १२४ ला टिकाऊपणाचा मुकुट घालताहेत, म्हणून एक सावधगिरी. १९९२ ते ९५ च्या सुमारास पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगला जे आवरण वापरलं ते उष्णतेने कडक होऊन भुगा होतं. ई २२० चं एम १११ इंजिन त्यातलंच. १९९६ ला इथे जुळलेल्या गाडीतही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंजेक्टरजवळची वायर हलकेच वाकवा. आवरण तडकलं किंवा पापुद्रे निघाले तर पूर्ण हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) बदलायचा. इन्सुलेशन टेप गुंडाळून गाडी गळ्यात मारतात, मग आतल्या आत वायरी चिकटून इंजिनचा कॉम्प्युटर आणि थ्रॉटल अॅक्च्युएटर जातो. थ्रॉटलची वायरिंग वेगळी असते, तीही बघा.

वर्षभर उभी गाडी म्हणजे टाकीतलं जुनं पेट्रोल काढणं, फिल्टर, इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या (आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही), ब्रेक फ्लुइड, चारही कॅलिपर, टायर. आणि उंदरांनी काय कुरतडलंय ते. शौक असेल आणि दुसरी गाडी दारात असेल तर जरूर घ्या. रोजच्या वापराला नको.

गंजाबद्दल: आपल्याकडे युरोपसारखं रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, म्हणून सांगाडे बरे राहतात. पण इगतपुरीच्या पावसात नेहमी फिरलेली गाडी वेगळीच असते. चाकांच्या कमानीत चिखल साचून ओल धरते. जॅकची चार ठिकाणं, पुढच्या स्प्रिंगच्या बैठका आणि डिकीतल्या गालिच्याखालचा खड्डा बघा. बैठकीवरचं काळं सीलंट फुगलेलं असेल तर आत गंज आहे असंच समजा.

सिडकोकर_१५

खूप आभार सगळ्यांचे. २११ आणि १२४ मनातून काढल्या. २१२ बद्दल दोन शंका. सातपूरला मायकोमुळे (आताची बॉश) डिझेलची जाणकार माणसं भरपूर आहेत, तर इंजेक्टर इथेच तपासून घेता येतील का? आणि विकणारा म्हणतो गिअरबॉक्स ऑइल ‘आयुष्यभराचं’ आहे, बदलायचं नसतं. पटत नाही.

सातपूरचा_फिटर

सातपूरचा अनुभव मुख्यतः बॉशच्या नॉझल-इंजेक्टरवरचा. तुमच्या गाडीत डेल्फीचे असतील, त्यामुळे आधी विचारा की त्या जातीचा टेस्ट प्लॅन आणि अॅडॉप्टर त्यांच्या बेंचवर आहे का. आणखी एक: आपल्याकडे परतीच्या नळीला बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत टाकतो ते बघतात. डेल्फीच्या त्या थेट चालणाऱ्या पिएझो इंजेक्टरमध्ये परतीचं डिझेलच नसतं, त्यामुळे बाटलीची चाचणी तिथे काही सांगत नाही. मशिनवर आयडलला चारही सिलिंडरची दुरुस्ती-मूल्यं बघायची. एखादं बाकीच्यांपेक्षा लांब गेलं असेल तर तो इंजेक्टर संशयित. सोलेनॉइडचे निघाले तर बाटली चालते. इंजेक्टर बदलला की त्यावरचा कोड मशिनने भरायलाच हवा, नाहीतर इंजिन खडबडतं आणि बिचाऱ्या नव्या इंजेक्टरला दोष लागतो.

गिअरबॉक्सचं ‘आयुष्यभर’ विसरा, कंपनीने स्वतःच ती भूमिका सोडली. आधी पाच गिअरचा (७२२.६) की सात गिअरचा (७२२.९) ते बघा. पाचवाल्यात १३ पिनांच्या कनेक्टरची रबरी रिंग गळते आणि तेल वायरीतून चढत गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत जातं. कनेक्टर ओढून आतून तेलकट आहे का बघा. रिंगांसकट नवं पायलट बुशिंग (कनेक्टर बसतो ती बाही) ही अगदी स्वस्त वस्तू आहे. डिपस्टिक दिलेली नसते. लेव्हल ८० अंशाला वेगळ्या कांडीने बघतात. सातवाल्यात खालच्या ओव्हरफ्लो नळीतून, तेल सुमारे ४५ अंशाला असताना. थंड तेलावर लेव्हल लावली की झटके सुरू होतात आणि मग मेकॅनिक वाल्व्ह बॉडी उघडायला सांगतो.

आग्रारोड

कागदांचं राहिलं. २१२ चा चॅसी नंबर गाडीवर कोरलेला, आरसीवरचा आणि विम्यावरचा, तिन्ही ठिकाणी सारखा आहे का बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ ने उतरवल्यावरच बाकीचे पैसे. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. गाडी आता १५ वर्षांच्या जवळ आलीय, म्हणजे थोड्याच काळात नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर येणार. ते किमतीत आत्ताच धरा. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिसकडून चॅसी नंबरवरची जुनी नोंद मागा. मीटरचा आकडा मागे फिरवला असेल तर तिथे कळतो. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा.

सिडकोकर_१५

गिअरबॉक्स सात गिअरचा आहे, आत्ताच विचारलं. ऑइल कोणतं?

सातपूरचा_फिटर

सात गिअरचेही दोन प्रकार आहेत. आधीच्याला लाल, २३६.१४. नंतरच्या ‘प्लस’ला निळं, २३६.१५. २०१२ ला दोन्हीपैकी काहीही असू शकतं, चॅसी नंबरवरून खात्री करा आणि एकमेकांत मिसळू नका. सोबत फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट नवीन. पॅन उतरवल्यावर चुंबकावरचा करडा चिखल चालेल. धातूचे चकचकीत तुकडे दिसले तर पॅन तसाच ठेवून विकणाऱ्याला बोलवा.