गंजणारं ग्रिल आणि पृथ्वीचा गाभा

पृथ्वीच्या गाभ्यात पाण्यातला हायड्रोजन असावा म्हटलं की कुणीतरी विचारतंच, पाणी तर वरच्या वर, मग गाभ्याशी त्याचा काय संबंध? अहो, आमच्या दादरच्या खिडकीचं ग्रिल खाऱ्या हवेनं गंजतं त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो, पण साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सगळीकडे नुसता मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, असताना लोखंड थेट पाण्यातलाच ऑक्सिजन ओढू शकत होतं आणि सुटलेला हायड्रोजन, जो एरवी उडून गेला असता, तो तिथल्या भयानक दाबाखाली लोखंडातच मुरला आणि जड लोखंडाबरोबर खाली गेला. १९५२ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस बर्चनी दाखवलंच होतं की बाह्य गाभा, म्हणजे गाभ्याचा बाहेरचा वितळलेला थर, शुद्ध लोखंडापेक्षा हलका भरतो, म्हणजे त्यात काहीतरी हलकं मिसळलंय. आता सल्फर, सिलिकॉन, ऑक्सिजनपण दावेदार आहेत म्हणा, पण मला तरी हायड्रोजन वगळून हिशेब लागेल असं वाटत नाही.